ताळेबंद वाचणारे पोर घरात हवे



सप्टेंबर आला की गावोगाव विकास सोसायटीच्या वार्षिक सभा होतात. सचिव अहवाल वाचतो, पुढच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' येते, मागोमाग चहा येतो. ताळेबंदाचे पान उघडायच्या आत सभा संपते. भावासाठी रस्त्यावर बसणारा शेतकरी या पानापुढे गप्प का होतो? भीतीने नव्हे. ते पान त्याला वाचता येत नाही.

'येणे व्याज' हा साधा शब्द घ्या. कर्जदाराने न भरलेले व्याज उत्पन्नात धरले आणि त्यासाठी पुरेशी तरतूद केली नाही, की संस्था नफ्यात दिसते. लाभांशही वाटला जातो. पैसा मात्र अजून कोणाच्या तरी शिवारात अडकलेला असतो. मार्चअखेरचे 'नवे-जुने' तर आपल्याला तोंडपाठ. 31 तारखेला कर्ज फिटल्याची नोंद आणि एप्रिलमध्ये त्याच नावावर पुन्हा तेवढेच कर्ज. कागदावर वसुली चोख. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज तसेच, वर सावकाराचे आठ दिवसांचे व्याज. कीर्द आणि खतावणीच्या तारखा शेजारी ठेवून पाहणाऱ्याला हे तासाभरात दिसते. पाहणारा मात्र आपला हवा.

तसा माणूस घडवायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. राज्याचे सहकार खाते 'जी.डी.सी. अँड ए.' म्हणजे सहकार व लेखा पदविकेची परीक्षा घेते. विषय सहा. त्यांत हिशोब, लेखापरीक्षण आणि सहकार कायदा हे आलेच. विद्यापीठाची पदवी, ही पदविका, मराठीचे ज्ञान आणि लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव असला की सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 81 प्रमाणे 'प्रमाणित लेखापरीक्षक' होता येते. मग नामतालिकेवर नाव लावण्याची वाट मोकळी होते. बारावी झालेल्या पोरांसाठी कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचा 'कॅट' हा अभ्यासक्रमही आहे. पुढे शिकायचे असेल तर त्यावरून इंटरमीजिएटला बसता येते.

खोटी आशा मात्र दाखवणार नाही. अनुभवाची ती तीन वर्षे कठीण जातात. दुसऱ्याच्या हाताखाली दप्तरे चाळायची, एस.टी.चे भाडे सुटले तरी पुष्कळ. पतसंस्थेत चिकटले तर पगार बेताचाच. केंद्राने 2020 मध्ये 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली, तीत लेखापालाच्या पगारासाठी पहिली तीन वर्षे दरमहा 10,000 रुपयांपर्यंत मदत ठरवली. तेवढ्यावर शहरात गेलेले पोर परत येणार नाही. पण गावातच राहणाऱ्याने अशा तीन-चार कंपन्यांचे हिशोब, जी.एस.टी.ची विवरणे आणि जोडीला स्वतःची शेती सांभाळली, तर तो शिपायाच्या जागेसाठी लाखांची पाकिटे घेऊन फिरणाऱ्यापेक्षा सुखी असेल.

आणखी एक गाठ आहे. लेखापरीक्षक सर्वसाधारण सभेने नेमायचा, असे कायदा सांगतो. नाव आधी कोणाच्या ओसरीवर ठरते, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून सभेत आपल्या माहितीतल्या माणसाचे नाव सुचवा. मात्र आपल्याच सोसायटीचा सभासद तिच्या तपासणीला नको. शेजारच्या तालुक्याचा घ्या.

पोरे तयार व्हायला वेळ लागेल. तोवर कलम 32 हाताशी आहे. शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयीन वेळेत फुकट पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. सभेच्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी जा.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने परीक्षेला बसणाऱ्यांची दोन नावे आणावीत. त्यांत एक मुलगी असावी. बचत गटांच्या वह्या आजही त्याच लिहितात, आणि नीट लिहितात. ज्यांच्या घरी या परीक्षेची जुनी पुस्तके पडून असतील त्यांनी ती सोबत आणावीत. परीक्षा फीची सोय कशी करायची, ते बैठकीतच ठरवू.