आजीव सदस्यत्व आणि श्रद्धेची अट

महाविद्यालयीन बंधुसंघाचे आजीव सदस्यत्व विशिष्ट धर्मश्रद्धा बाळगणाऱ्यालाच द्यावे, असा आग्रह अमेरिकेतील काही ख्रिस्ती विद्यार्थी-संघ उघडपणे धरतात. समान श्रद्धेवाचून बंधुभाव टिकत नाही, हे त्याचे समर्थन. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाने ते केव्हाच निकालात काढले आहे.

पुण्यात १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. ते चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य हा एक बंधुसंघच होता. त्यांच्याकडून मागितली जाई ती अल्प वेतनावर वीस वर्षांची सेवा. ज्यांच्या मतांपायी सनातन्यांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली, ते गोपाळ गणेश आगरकर १८९२ मध्ये या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १८९५ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. १९०२ मध्ये त्याच खुर्चीवर आलेले रँग्लर र. पु. परांजपे हेही उघड बुद्धिवादी. ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाचे फेलो होऊ शकले, तेही तेथील धर्मविषयक अटी १८७१ च्या कायद्याने उठल्या म्हणूनच.

टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, याकडे कोणी बोट दाखवील. टिळक-आगरकरांत सामाजिक सुधारणेवरून कडवट वाद होता, हे खरे. तथापि आजीव सदस्यांतील तंट्याचा मुख्य विषय होता, त्यांनी बाहेर अर्थार्जन करावे की नाही हा. म्हणजे तंटा वचनपालनाचा होता. वचन पाळले की मोडले, हे चारचौघांना दिसते. श्रद्धा कोणालाच दिसत नाही.

‘मी वीस वर्षे शिकवीन’ असे माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकतो. ‘मी वीस वर्षे हेच मानीन’ असे म्हणणारा एकतर पुढे विचार करणे थांबवील, नाहीतर खोटे बोलेल. श्रद्धेची अट प्रामाणिक संशयी माणसाला घालवते आणि दांभिकाला जपते.

लेखी अट नसली म्हणजे दार सताड उघडे असते, असेही नव्हे. सोसायटीचे आरंभीचे आजीव सदस्य बहुतेक ब्राह्मणच होते. ही उणीव गंभीर आहे. परंतु तिच्यावर इलाज दार रुंद करण्याचा आहे, त्याला आणखी एक कुलूप घालण्याचा नाही.

मठाने श्रद्धा मागावी. तो त्याचा अधिकार आहे. विद्येच्या घराने सेवेचा हिशेब मागावा आणि मन मोकळे सोडावे.

— होसकोटे (बंगळूर)