ओलेग ब्लोखिन : मैदानावरील कीर्ती आणि बाजारातील कसोटी

खेळाचा आणि राजकारणाचा काहीएक संबंध नाही, हा भांडवली वृत्तपत्रांचा आवडता सिद्धान्त आहे. एखादा खेळाडू युद्धाविरुद्ध किंवा वंशद्वेषाविरुद्ध तोंड उघडतो त्याच दिवशी तो त्यांना आठवतो. लष्करशहा क्रीडागारांत मिरवतात, धनदांडगे क्लब विकत घेतात, तेव्हा मात्र त्याचा सोयिस्कर विसर पडतो. युक्रेनचे जगद्‍विख्यात फुटबॉलपटू आणि पुढे प्रशिक्षक झालेले ओलेग ब्लोखिन यांची कारकीर्द हा या सिद्धान्ताला सडेतोड जबाब आहे. परंतु ती डोळसपणे पाहिली तर आपल्या बाजूच्याही काही भाबड्या समजुतींना तिच्यात जबाब सापडतो, आणि म्हणूनच तिचे मूल्यमापन अगत्याचे ठरते.

जडणघडण

ब्लोखिन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९५२ रोजी कीव शहरात झाला. वडील लेनिनग्राडचे रशियन, त्या शहराच्या वेढ्यातून वाचलेले; आई युक्रेनियन, नावाजलेली धावपटू. नाझी आक्रमणाने उद्‍ध्वस्त केलेल्या आणि श्रमिकांनी पुन्हा उभारलेल्या शहरात हा मुलगा वाढला. आईकडून त्याला वेग मिळाला, आणि सार्वजनिक क्रीडाशाळेने त्या वेगाला वळण दिले. फुटबॉल शिकण्यासाठी बापाची मिळकत पाहिली जात नव्हती. मैदान होते, चेंडू होता, शिकविणारा होता. मुलाने यावे आणि खेळावे. आज जगातील कोणत्याही महानगरात गरिबाच्या मुलाला इतकेही सहजासहजी मिळत नाही.

१९६९ मध्ये ते डायनॅमो कीवच्या पहिल्या संघात आले आणि १९८८ पर्यंत त्याच संघात राहिले. सोव्हिएत लीगच्या सर्वोच्च श्रेणीत ४३२ सामने आणि २११ गोल. सोव्हिएत राष्ट्रीय संघाकडून ११२ सामने आणि ४२ गोल. हे चारही आकडे सोव्हिएत फुटबॉलमधील उच्चांक होते, आणि ते देशच उरला नसल्यामुळे आता कायमचे उच्चांक आहेत. डायनॅमोबरोबर आठ वेळा लीगचे आणि पाच वेळा सोव्हिएत चषकाचे विजेतेपद त्यांनी मिळविले.

हे यश एकट्याचे नव्हते. १९६१ पर्यंत सोव्हिएत विजेतेपद मॉस्कोबाहेर कधी गेलेच नव्हते. ते प्रथम बाहेर नेले कीवच्या संघाने, आणि त्या संघात व्हालेरी लोबानोव्स्की नावाचा एक तरुण खेळाडू होता. हेच लोबानोव्स्की पुढे डायनॅमोचे प्रशिक्षक झाले. आघाडीच्या खेळाडूने केवळ गोलची वाट पाहत उभे राहू नये, चेंडू गेल्याबरोबर त्यानेही बचावाला धावावे. बचावपटूनेही आक्रमणात उतरावे. अकराजणांनी एका यंत्राप्रमाणे नव्हे, तर एका सामूहिक इच्छाशक्तीप्रमाणे हालचाल करावी, असा त्यांचा आग्रह होता. शास्त्रज्ञ अनातोली झेलेन्त्सोव्ह यांच्या साहाय्याने त्यांनी खेळाडूंच्या श्रमाची आणि हालचालींची मोजदाद करून सराव आखला. ब्लोखिन यांचा झंझावाती वेग या सामूहिक रचनेचे टोक होता. भाल्याचे पाते कितीही तीक्ष्ण असले, तरी दांड्याविना ते लांबवर जात नाही.

१९७५ हे या रचनेच्या परमोत्कर्षाचे वर्ष. १४ मे रोजी बाझल येथे हंगेरीच्या फेरेन्त्स्वारोशचा ३-० असा पराभव करून डायनॅमोने युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला. युरोपीय चषक जिंकणारा हा पहिला सोव्हिएत क्लब. त्याच वर्षी सुपर चषकासाठी बायर्न म्यूनिकशी गाठ पडली. म्यूनिकमध्ये १-० आणि कीवमध्ये २-० असा निकाल लागला, आणि तिन्ही गोल ब्लोखिन यांचे होते. वर्षअखेरीस युरोपातील क्रीडापत्रकारांनी त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा ‘बालों द'ओर’ दिला. बेकेनबाउअर आणि क्रॉइफ हे त्या काळचे दोन दिग्गज त्यांच्या मागे राहिले.

सान्तियागोची किंमत

या वैभवाआधी दोन वर्षे घडलेली एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही.

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीमध्ये लष्कराने अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. सान्तियागोचे राष्ट्रीय क्रीडागार बंदिछावणी बनले. हजारो कामगार, विद्यार्थी व कार्यकर्ते तेथे डांबले गेले. त्यांचा छळ झाला, कित्येकांना ठार मारण्यात आले. नेमक्या त्याच वेळी १९७४ च्या विश्वचषकातील एका जागेसाठी सोव्हिएत संघ आणि चिली यांच्यात दोन सामने व्हावयाचे होते. २६ सप्टेंबरचा मॉस्कोतील सामना ०-० असा सुटला. परतीचा सामना २१ नोव्हेंबरला, त्याच क्रीडागारात ठरला. तो तटस्थ ठिकाणी घ्यावा ही सोव्हिएत मागणी होती. ‘फिफा’चे पाहणी पथक सान्तियागोला गेले आणि परिस्थिती सुरळीत असल्याचा निर्वाळा देऊन परतले! मागणी फेटाळली गेली. सोव्हिएत संघ गेला नाही. ठरल्या वेळी चिलीचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याविना मैदानात उतरले, आपापसांत चेंडू ढकलत पुढे सरकले, आणि कर्णधाराने रिकाम्या जाळ्यात गोल केला. फुटबॉलच्या इतिहासात याहून लाजिरवाणा गोल दुसरा नसेल.

ब्लोखिन तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यांच्या ऐन उमेदीतील विश्वचषक असा हुकला. १९७८ साली संघ पात्र ठरला नाही. पहिला विश्वचषक ते खेळले १९८२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. ‘राजकारणाने खेळाडूचा बळी घेतला’, अशी ओरड यावरून आजही होते. त्या क्रीडागाराच्या पायऱ्यांवर ज्यांचे बळी गेले, त्यांचा हिशेब ही ओरड करणारे कोठे मांडतात? विश्वचषकातील स्थान ही लहान गोष्ट नव्हे. पण रक्ताने माखलेल्या मैदानावर खेळण्यास नकार देणे ही त्याहून मोठी गोष्ट होती. तो निर्णय ब्लोखिन यांचा वैयक्तिक नव्हता, संघटनेचा व राज्याचा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही त्याची किंमत त्यांच्यासारख्यांनी मोजली, आणि ती व्यर्थ गेली असे म्हणण्याचे कारण नाही.

त्रुटी झाकू नयेत

परंतु सोव्हिएत व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे ही आत्मवंचना ठरेल. ऑलिंपिकसाठी खेळाडू कागदोपत्री ‘हौशी’ दाखविले जात. प्रत्यक्षात फुटबॉल हाच त्यांचा व्यवसाय होता. याच संघाने १९७२ आणि १९७६ मध्ये ऑलिंपिक कांस्यपदके मिळविली. १९७६ साली तर डायनॅमोचा संघ जवळजवळ तसाच्या तसा राष्ट्रीय संघ म्हणून उभा करण्यात आला आणि लीग, युरोपीय चषक व ऑलिंपिक अशा तिन्ही आघाड्यांवर त्याला राबविण्यात आले. माणसाच्या शरीराला मर्यादा असतात हे नियोजनकर्ते विसरले. मार्चमध्ये फ्रान्सच्या सेंत-एतिएनकडून हार झाली, आणि ऑलिंपिकनंतर थकलेल्या खेळाडूंनी प्रशिक्षकांविरुद्ध उघड बंड केले. ज्यांच्यासाठी योजना, त्यांचेच मत योजनेत न घेण्याचा हा परिणाम होता. मैदानापुरताच तो दोष मर्यादित नव्हता, हे पुढच्या इतिहासाने दाखविले.

तरीही हा संघ पुन्हा उभा राहिला. २६ एप्रिल १९८६ रोजी कीवपासून सुमारे शंभर किलोमीटरवर चेर्नोबिलची दुर्घटना घडली. अवघ्या सहा दिवसांनी, २ मे रोजी, मन घराकडे लागलेल्या डायनॅमोच्या खेळाडूंनी ल्यों येथे अॅटलेटिको माद्रिदचा ३-० असा पराभव करून चषकविजेत्यांचा चषक दुसऱ्यांदा जिंकला. त्यातील एक गोल तेहेतीस वर्षांच्या ब्लोखिन यांचा होता.

प्रशिक्षक

१९८८ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्यांना परदेशी खेळण्याची वाट मोकळी झाली. ऑस्ट्रिया आणि सायप्रस येथे थोडा काळ खेळून १९९० पासून त्यांनी ग्रीसमध्ये प्रशिक्षकाचे काम हाती घेतले. ऑलिंपियाकोसला त्यांनी १९९२ चा ग्रीक चषक मिळवून दिला. दरम्यान सोव्हिएत संघराज्य विघटित झाले. १९९३ मध्ये खुद्द डायनॅमो कीव खासगी उद्योजकांच्या ताब्यात गेला. जनतेच्या पैशाने उभारलेली संस्था मूठभरांची मालमत्ता झाली.

२००३ मध्ये ब्लोखिन युक्रेनच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. तोवर हा संघ तीन मोठ्या स्पर्धांच्या उंबरठ्यावरून परत फिरला होता. २००६ च्या विश्वचषकासाठी त्याच्या गटात तुर्कस्तान, डेन्मार्क आणि तेव्हाचा युरोपविजेता ग्रीस हे संघ होते; तरीही यजमान जर्मनी वगळता युरोपातून सर्वप्रथम पात्र ठरला तो युक्रेन. जर्मनीत पहिल्याच सामन्यात स्पेनने ४-० अशी धूळ चारली. संघ खचला नाही. सौदी अरेबियावर ४-०, ट्युनिशियावर १-० असे विजय मिळाले. स्वित्झर्लंडला पेनल्ट्यांवर हरवून संघाने उपान्त्यपूर्व फेरी गाठली. तेथे पुढे विजेता ठरलेल्या इटलीने ३-० ने त्याला रोखले. पहिल्याच विश्वचषकात एवढी मजल मारणे हा असामान्य पराक्रम होता.

या यशाचे रहस्य काय? संघाचा कर्णधार आंद्री शेवचेन्को सोव्हिएत काळातच डायनॅमोच्या बालशाळेत दाखल झालेला, आणि प्रशिक्षक तर लोबानोव्स्कींचाच शिष्य. खासगीकरणानंतरही जे पीक निघत होते, त्याची पेरणी सार्वजनिक क्रीडाशाळांत झाली होती. बाजाराने कापणी केली; नांगरणी त्याची नव्हती.

२०११ मध्ये ब्लोखिन पुन्हा राष्ट्रीय संघाकडे आले. मायदेशी झालेल्या २०१२ च्या युरोपीय स्पर्धेत स्वीडनवर २-१ असा विजय मिळाला, पण फ्रान्स व इंग्लंडकडून हार पत्करून संघ बाहेर पडला. त्यानंतर डायनॅमो कीवचे प्रशिक्षकपद त्यांना २०१४ मध्ये अपयश पदरी घेऊन सोडावे लागले.

कोठे घसरले?

आता कटू भाग. १९९८ ते २००६ या काळात ब्लोखिन युक्रेनच्या संसदेचे सदस्य होते. या आठ वर्षांत त्यांनी एकाहून अधिक वेळा गट बदलले. त्यात काही काळ कम्युनिस्ट गटातही ते होते. तत्त्व वरवरचे असले की गट बदलणे म्हणजे केवळ अंगरखा बदलणे ठरते. त्याहून गंभीर गोष्ट २००६ मधील. युक्रेनी लीगमधील परदेशी खेळाडूंविषयी बोलताना त्यांनी आफ्रिकी खेळाडूंची हेटाळणी करणारे उघड वंशद्वेषी उद्गार काढले. ज्या देशाने सान्तियागोच्या मैदानावर जाण्यास नकार दिला, त्याच देशाच्या क्रीडाशाळेत घडलेल्या माणसाच्या तोंडी ही भाषा यावी, याचे दुःख मोठे आहे. कितीही गोल केले तरी या उद्गारांचे समर्थन होऊ शकत नाही, आणि कम्युनिस्टांनी तर ते कदापि करू नये.

येथेच या कारकिर्दीचा खरा बोध आहे. समाजवादी व्यवस्था उत्तम खेळाडू घडवू शकते. पण समाजवादी जाणीव क्रीडाशाळेच्या वेळापत्रकातून आपोआप निर्माण होत नाही. आंतरराष्ट्रीयत्व ही एकदा टोचून घ्यावयाची लस नव्हे. ती रोज करावयाची मशागत आहे. राज्याने घेतलेला योग्य निर्णय माणसाच्या मनात उतरला नाही, तर राज्य कोसळताच त्या मनात जुने तण पुन्हा माजते. १९९१ नंतर त्या विशाल भूमीवर हेच व्यापक प्रमाणात घडले. रशियन पिता आणि युक्रेनियन माता यांचा पुत्र ज्या संघराज्याच्या पोशाखात ११२ वेळा खेळला, त्याच भूमीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या सैन्याने युक्रेनवर चाल केली आणि दोन्हीकडच्या कष्टकऱ्यांची मुले एकमेकांच्या गोळ्यांना बळी पडू लागली. राष्ट्रवादाचे तण याहून भयंकर रूप कोणते घेणार?

ब्लोखिन यांना देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही, आणि त्यांचा पराक्रम नाकारण्याचेही कारण नाही. त्यांच्या २११ गोलांमागे असलेले खुले मैदान, विनामूल्य शाळा आणि सामूहिक श्रम ही मागणी प्रत्येक श्रमिक वस्तीत लावून धरण्याजोगी आहे. मात्र त्या मैदानावर मुलाच्या पायाबरोबर त्याचे मनही घडले पाहिजे. पहिले काम सोव्हिएत क्रीडाशाळांनी करून दाखविले. दुसरे अपुरे राहिले, आणि ते पुरे करण्याची जबाबदारी आजच्या चळवळीवर आहे.