मोटारीच्या चाकाचा स्टड

मागील अंकीं आम्हीं बॅटरीच्या निगेविषयीं लिहिलें होतें. या खेपेची वस्तु तिच्याहून पुष्कळच लहान, बोटभर लांबीची एक पोलादी खुंटी आहे. परंतु आजीपासून तान्ह्या नातवापर्यंत सारें घर ज्या गाडींत बसून लग्नमुंजीस जातें, ती गाडी अशा सोळा किंवा वीस खुंट्यांच्या भरंवशावर धांवत असते. त्यांतील एखादी मोडली म्हणजे "अहो, बाकीच्या तीन तर शाबूत आहेत!" एवढें बोलून विषय मिटविण्याची चाल चांगल्या शिकलेल्या घरांतही दिसते, आणि ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. नवा स्टड थोडक्या रुपयांत मिळतो, आणि पुष्कळशा गाड्यांत तो घरच्या अंगणांत एका सकाळीं बसवितांही येतो.

बैलगाडीच्या चाकांत तुंब्याचें जें स्थान, तेंच मोटारींत हबाचें. हबाच्या वाटोळ्या चकतीस चार किंवा पांच भोकें असतात व त्यांतून मागच्या बाजूनें एकेक स्टड दाबून बसविलेला असतो. त्याचें डोकें मागें अडकतें. डोक्यालगतच्या मानेवर उभ्या बारीक रेघा असतात, त्या भोकाच्या कडेंत रुततात आणि नट पिळतांना स्टडाला जागच्या जागीं फिरूं देत नाहींत. पुढें निघालेल्या आंट्यांवर चाक चढवून नट आवळावयाचे, एवढीच सारी रचना. फोक्सवॅगन, स्कोडा इत्यादि युरोपीय धर्तीच्या गाड्यांत स्टड नसतात. तेथें बाहेरून बोल्ट पिळतात. त्या गाड्यांच्या मालकांनीं बोल्ट बिघडल्यास नवा बोल्ट आणला कीं झालें. हबांतले आंटेच गेले असतील तर मात्र तें काम कारखान्याचें.

गाडीचें वजन या स्टडांवर टांगलेलें असतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. नट आवळला म्हणजे स्टड केसभर ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणें तो चाकाला हबावर दाबून धरतो. बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडावर १०० न्यूटन-मीटर जोरानें नट आवळला असतां सुमारें चार टनांची ओढ उत्पन्न होते. चाक जागेवर राहतें तें या दाबानें होणाऱ्या घर्षणामुळें. चारांतला एक स्टड गेला कीं चौथा हिस्सा दाब गेला. चाक हबावर किंचित् सरकूं लागतें, प्रत्येक फेऱ्यास उरलेले स्टड इकडून तिकडे वांकतात, आणि तार वांकवून वांकवून तोडावी तसे ते एकामागून एक तुटतात. "तीन तर आहेत ना" या म्हणण्यांत हाच हिशेब विसरला जातो. स्टड वाटेंत मोडल्याचें कळलें तर सावकाश घर गांठावें, पण त्या गाडीनें घाट उतरूं नये.

तुटलेल्या स्टडाचें तोंड उजेडांत नीट पाहावें. त्याचा कांहीं भाग गुळगुळीत व काळसर, त्यावर शिंपल्यासारख्या अर्धगोल रेघा, आणि उरलेला भाग चकचकीत व खरबरीत असा दिसला, तर चीर फार दिवसांची होती असें समजावें. अशा वेळीं एक स्टड बदलून भागत नाहीं. शेजारचे दोन्ही, आणि शक्य तर त्या चाकाचे सर्वच, बदलून टाकावे.

आतां ही वस्तु मोडते कशानें? बहुधा आपल्याच अतिकाळजीनें. लहान गाड्यांच्या पुस्तिकेंत नट आवळण्याचा जोर साधारणपणें ८५ ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान दिलेला असतो. साठ किलो वजनाचा मनुष्य चाळीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोंकावर उभा राहिला, तर तो २३५ न्यूटन-मीटर जोर लावतो, म्हणजे पाहिजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. "जरा वर चढून दाबा हो" असें सांगणारे वडीलधारे गृहस्थ गाडीचें रक्षण करीत नसून स्टड ताणीत असतात! एकदां मर्यादेपलीकडे ताणला गेलेला स्टड पुन्हां पूर्वीच्या लांबीवर येत नाहीं. पंक्चरच्या दुकानांतील हवेवर चालणारी गन हें दुसरें कारण. तिनें वेळ वांचतो तो दुकानदाराचा. तिसरें कारण तेलाचें. गंज येऊं नये म्हणून आंट्यांना तेल किंवा ग्रीस चोपडणारे लोक हें जाणत नाहींत कीं, घर्षण कमी झालें म्हणजे पान्यावर तेवढ्याच जोरानें स्टडावरची ओढ तिसऱ्या हिश्श्यानें किंवा त्याहूनही अधिक वाढते. जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठीं आणखी एक सूचना: दुसऱ्या महायुद्धांतील विलीस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांस उलटे आंटे असत, ते ठाऊक नसलेला मनुष्य सोडण्याच्या समजुतीनें नट आवळीत जातो व अखेर स्टड तोडतो.

स्टड न तुटतांही निकामी झालेला असतो. नवा नट त्यावर नुसत्या बोटांनीं शेवटपर्यंत चढला पाहिजे. मध्येंच अडला तर आंटे बिघडले आहेत किंवा स्टड ताणून लांबला आहे. टोंकाचे एक-दोन आंटे दबले असतील तर आंटे पाडण्याच्या डायनें ते साफ करतां येतात. त्याहून अधिक दुरुस्तीच्या भरीस पडूं नये. पान्याबरोबर नट व स्टड दोन्ही फिरत राहिले, तर मानेवरच्या रेघा झिजून गेल्या आहेत. तो नट कापूनच काढावा लागतो; तेथें घरगुती प्रयोग थांबवावा हें उत्तम.

नवा स्टड आणावयास जातांना जुना, किंवा त्या चाकावरचा दुसरा शाबूत स्टड मापून, बरोबर टिपण न्यावें. नुसत्या जाडीवर जाऊं नये. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत स्टडाची जाडी १२ मिलिमीटर व आंट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर असतें; होंडा, टोयोटा, ह्युंदाई यांच्या लहान गाड्यांत जाडी तीच, पण अंतर १.५ मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे बिनतक्रार चढतो आणि मग अडतो. तेव्हां जोर लावला कीं दोन्ही गेले. लांबी व रेघांच्या मानेची जाडी हीही जुळलीं पाहिजेत. स्टडाबरोबर त्याचा नटही नवाच घ्यावा.

आतां कामाकडे वळूं. जागा सपाट व टणक असावी. पावसाळ्यांत ओल्या मातीवर हें काम करूंच नये. गाडी गिअरमध्यें ठेवून, जें चाक उचलावयाचें नाहीं त्याच्या दोन्ही बाजूंस दगड लावावे. नट चाक जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. हातोड्याच्या धक्क्यांनीं तो कलंडतो. म्हणून गाडी उचलल्यावर तिच्या खालीं भक्कम लोखंडी स्टँड द्यावा, आणि तो नसेल तर त्या दिवशीं काम करूं नये. या एका बाबतींत आम्ही कोणाचीही सबब ऐकणार नाहीं. मुलांना कुतूहल असणारच. त्यांना पाहूं द्यावें, पण चार हात लांबून.

पुढच्या चाकाला बहुधा डिस्क असते. कॅलिपर दोन बोल्ट काढून सोडवावा व तारेनें वर बांधून ठेवावा. ब्रेकच्या रबरी नळीवर तो लोंबकळत ठेवणें म्हणजे नळीचा घात करणें होय. डिस्क उतरली कीं हब दिसतो. तो हातानें फिरवीत, बॅटरीच्या उजेडांत मागें पाहावें. एखाद्या ठिकाणीं स्टड मागें सरकून बाहेर पडूं शकेल एवढी मोकळी जागा असेल, तर काम घरीं होण्यासारखें आहे. कांहीं गाड्यांत ती नसते, कांहींत डिस्क हबाच्या मागें असते; तेथें हब काढावा लागतो, त्याबरोबर बेअरिंग जातें, आणि दाबयंत्रावांचून निभाव लागत नाहीं. मागच्या चाकाला ड्रम असेल तर हँडब्रेक सोडल्याशिवाय तो निघत नाहीं. पुष्कळ लहान गाड्यांत ड्रम व हब एकच असून मधल्या मोठ्या नटानें बेअरिंगासह बसविलेले असतात. तो नट पुन्हां कसा आवळावा याची माहिती नसेल तर तेथेंही हात घालूं नये. आंतली धूळ तोंडानें फुंकूं नये. जुन्या गाड्यांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे.

जुना स्टड काढण्यापूर्वीं त्याच्या मुळाशीं गंज सोडविणारें तेल घालून थोडा वेळ थांबावें. मग वजनदार हातोड्यानें अगदीं सरळ, मोजके घाव घालावे. प्रत्येक घाव बेअरिंगालाही बसतो, म्हणून चार-सहा घावांत स्टड हलला नाहीं तर हट्ट धरूं नये. दाबून काढण्याचें हत्यार मिळवावें.

भोक पुसून नवा स्टड मागून घालावा आणि जुन्या रेघांशीं त्याच्या रेघा जुळतील तसा बोटांनीं फिरवून बसवावा. पुढून त्यावर चार-पांच जाड पोलादी वॉशर चढवावे, त्यांच्यामध्यें ग्रीसचें बोट फिरवावें, आणि वर जुना नट उलटा, म्हणजे त्याची निमुळती बाजू बाहेर राहील असा, चढवावा. (नवा नट या कामीं खर्ची घालूं नये.) नट पिळूं लागलें म्हणजे हबही फिरूं पाहतो, बाकीच्या दोन स्टडांवर नट चढवून त्यांच्यामध्यें पहार अडकवावी व तिचें टोंक जमिनीस टेकूं द्यावें. पहार धरावयास घरांतला एखादा धिम्मा पुतण्या उपयोगी पडतो, उतावळा नको. पान्याला संथ, एकसारखा जोर द्यावा. रेघा रुतत असतांना पाना जड पण समान चालतो, आणि डोकें हबाला टेकलें कीं एकदम अडतो. तेथें थांबावें, व मागें बोट घालून पाहावें: डोकें व हब यांच्यामध्यें कागदही जातां कामा नये. हबांत स्टड बसविण्याची खरी रीत दाबयंत्राची आहे, हें कबूल. परंतु संथ हातानें केलेली ही रीतही पुष्कळ मिस्त्री वापरतात. गननें मात्र स्टड ओढूं नये.

वॉशर काढून आंट्यांवरचें ग्रीस फडक्यानें पूर्णपणें पुसावें. डिस्क, कॅलिपर व चाक चढवून नट बोटांनीं लावावे, निमुळती बाजू चाकाकडे. मग समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळावे, आणि गाडी जमिनीवर आल्यानंतर टॉर्क दाखविणाऱ्या पान्यानें पुस्तिकेंतील आंकड्यापर्यंत न्यावे. गाडी सुरू करण्यापूर्वीं ब्रेकचें पेडल टणक लागेपर्यंत दाबावें. कॅलिपर काढतांना त्याचा दट्ट्या मागें गेलेला असतो, आणि पहिल्या दाबास पेडल सरळ तळाशीं जातें. तें अंगणांत कळलेलें बरें, फाटकाबाहेर नव्हे.

ऐंशी-शंभर किलोमीटर चालल्यावर त्या चाकाचे नट पुन्हां त्याच पान्यानें तपासावे. नव्या स्टडाचा नट थोडासा फिरेल. डोकें आणखी किंचित् आंत बसल्याची ती खूण आहे. आणखी तितक्याच अंतरानंतर तो पुन्हां फिरला, तर डोकें हबाला टेकलेलेंच नाहीं असें समजून चाक उतरवावें आणि मागें पुन्हां बोट घालून पाहावें.