झाकली मूठ, उघडा स्कोअर

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'ण' आणि 'न' मध्ये माझी आजही गल्लत होते, तेव्हा चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण त्याला लागणारे दोन-तीन शब्द मला इंग्लिशमध्ये सापडलेच नाहीत. कुठले, ते पुढे कळेलच.

तर, सबमिशन संपलं त्या रात्रीची गोष्ट. हॉस्टेलवर चार लॅपटॉप जोडून आम्ही 'एज ऑफ एम्पायर्स टू' लावला. (मुली फक्त पिक्चर बघतात असा ज्यांचा समज आहे, त्यांचा तो असाच राहू दे. आम्हाला बरं पडतं!) तासाभरात मी एका मैत्रिणीचं अख्खं साम्राज्य साफ केलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात सगळ्यांचे स्कोअर दिसतात, त्यात माझं नाव सगळ्यात वर. सगळ्यात खाली एक एस.ई.ची ज्युनिअर. म्हटलं, हिला दहा मिनिटांत गुंडाळू. चाळीस नाईट घेऊन निघाले. नाईट म्हणजे घोडेस्वार, एकाची किंमत 60 अन्न आणि 75 सोनं. तिच्याकडे साठेक भालेवाले. एकाला 35 अन्न आणि 25 लाकूड, सोनं शून्य. सुधारणांचा खर्च सोडला तर माझी फौज 5400 ची, तिची 3600 ची. आणि थोड्याच वेळात माझा एकही घोडा शिल्लक नव्हता!

"ताई, तुझा स्कोअर एकदम उडाला ना, तेव्हाच मी एक स्काऊट पाठवून बघून घेतलं," ती शांतपणे म्हणाली. "नुसते घोडेच दिसले. मग काय, भाले काढले."

त्या रात्री मला झोप आली नाही. हरल्याचं दुःख नव्हतं (थोडं होतं). प्रश्न असा पडला की तो स्कोअर नक्की मोजतो तरी काय? शोधल्यावर कळलं की त्यातला लष्करी भाग वाढतो तो तुम्ही शत्रूचे किती सैनिक मारले आणि किती इमारती पाडल्या त्याच्या किमतीवर. म्हणजे तो आकडा झालेल्या लढाईचा हिशोब होता, आणि मी त्याला पुढच्या लढाईचं भविष्य समजले. स्कोअर खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

मग मी दुसरे गेम्स त्याच नजरेने बघायला लागले. 2005 साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन फोर'मध्ये प्रत्येक साम्राज्याच्या 'पॉवर'चा आलेख असतो. त्यात सैन्याच्या तुकड्या येतात, शिवाय लोकसंख्या, काही शोध आणि बराकींसारख्या काही इमारतीसुद्धा येतात. पण तुकडी जखमी आहे की धडधाकट, नवखी आहे की चार लढाया जिंकलेली, टेकडीवर दबा धरून बसलीय की उघड्या मैदानात सापडलीय, यातलं काहीच येत नाही. आणि गंमत म्हणजे तुमच्यावर चाल करायची की नाही हे ठरवताना कॉम्प्युटरसुद्धा दोघांच्या पॉवरची तुलना करतो. मग हुशार खेळाडू काय करतो? स्वस्तातल्या जुन्यापान्या तुकड्या भराभर उभ्या करतो. लढाईत त्यांचा उपयोग शून्य, पण आलेख वर जातो आणि शेजारी गप्प बसतो. याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे: खोगीरभरती! म्हणजे चुकीचा आकडासुद्धा कामाचा असतो, पण समोरचा त्यावर विश्वास ठेवतो तोपर्यंतच.

2016 च्या 'स्टेलारिस'मध्ये अवकाशातली साम्राज्यं आहेत. तिथे शेजाऱ्याची ताकद शब्दांत सांगतात: केविलवाणी, कमी, बरोबरीची, वरचढ, चिरडून टाकणारी. पुरेशी माहिती नसेल तर तेवढंही कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण '5400 विरुद्ध 3600' बघितलं की आपल्याला सगळं कळल्यासारखं वाटतं. 'वरचढ' वाचलं की निदान मनात येतं, 'वरचढ म्हणजे कशात?' तरी फसायला होतंच. तिथे ताफ्याच्या ताकदीचा एक आकडाही असतो. लेसर चिलखतावर चालतो पण शील्डवर कमी पडतो, आणि समोरच्याकडे दोन्हीपैकी काय जास्त आहे हे त्या आकड्यात नसतं. माझे घोडे आणि तिचे भाले, पुन्हा तीच गोष्ट.

आता थोडं आपल्या लाइनचं. फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा एक इंग्लिश इंजिनिअर होता. तो मोटारी बनवायचा. त्याने 1916 च्या आपल्या पुस्तकात लढाईची डिफरन्शियल इक्वेशन्स मांडली. (हो, एम-थ्रीचा जगात कुठेतरी उपयोग झालाय!) समजा, सारख्याच ताकदीचे 10 तिरंदाज विरुद्ध 6 तिरंदाज. सहा मरेपर्यंत दहाचे किती उरतील? आपण पटकन म्हणतो, चार. लँचेस्टर म्हणतो, आठ. कारण लांबून मारा करताना सगळे एकाच वेळी लढतात, म्हणून ताकद संख्येच्या वर्गाने वाढते: 100 वजा 36 म्हणजे 64, त्याचं वर्गमूळ 8. तेच अरुंद पुलावर एकास एक तलवारीने लढले तर चारच उरतील. आणि तेच दहा तिरंदाज पाच-पाच करून दोनदा पाठवले, तर सहांना संपवेपर्यंत तुमचे चारसुद्धा उरत नाहीत! माणसं तीच, स्कोअर तोच, फरक फक्त जागेचा आणि वेळेचा. बेरीज करणाऱ्या कुठल्याही आकड्यात हे दिसणार नाही.

माझी रूममेट म्हणते, "अगं, हे गेममध्ये ठीक आहे. खरे राजे काय स्कोअर बघून लढायचे?" बघायचे की! मुघलांची मनसबदारी म्हणजे दुसरं काय होतं? प्रत्येक मनसबदाराच्या नावापुढे आकडे: 'जात'चा त्याच्या दर्जाचा, आणि 'सवार'चा त्याने किती घोडेस्वार बाळगायचे त्याचा. आणि आकडा आला की खोगीरभरती आलीच. मोजणीच्या दिवशी दुसऱ्याचे घोडे, भाड्याची तट्टं आणून उभी करायची. म्हणून अकबराला घोड्यांवर डाग द्यायची आणि स्वारांचं वर्णन लिहून ठेवायची पद्धत आणावी लागली. 'कागदी घोडे नाचवणे' हा वाक्प्रचार मला तेव्हा अगदी डोळ्यांसमोर दिसला.

2009 च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे घेऊन खेळता येतं. सुरुवात 1700 सालची. लढाईआधी एक पट्टी दोन्ही बाजूंची तुलना दाखवते. मी ती बघते तेव्हा विचार करते, खऱ्या 1700 मध्ये ही पट्टी काय म्हणाली असती? राजाराम महाराज त्याच वर्षी गेले, साताऱ्याचा किल्ला पडला, समोर खुद्द औरंगजेब मोठी फौज घेऊन. पट्टीने निकाल तिथेच लावला असता. पण ताराबाईंच्या माणसांनी पट्टीला मान्य असलेली समोरासमोरची लढाई शक्यतो दिलीच नाही. रसद तोडायची, किल्ला सोडायचा, पुन्हा घ्यायचा. 1681 पासून दख्खनमध्ये अडकलेला बादशहा 1707 मध्ये इथेच भिंगारला गेला. मुघल फौज मोठी होती हे खरंच होतं. फक्त ती मोजली होती एका प्रकारच्या युद्धासाठी, आणि वाट्याला आलं दुसरंच.

मग आकडे काढूनच टाकायचे का? माझं मत, अजिबात नाही. आकडा नसेल तर डोळे झाकून चालायचं. माझं म्हणणं एवढंच की आकडा बघितला की तीन प्रश्न विचारावेत: यात काय धरलंय? काय सोडलंय? आणि तो कुठल्या लढाईसाठी आहे?

हे गेमपुरतंच आहे असं वाटत असेल तर प्लेसमेंटची नोटीस आठवा. 'सगळीकडे 60 टक्के, एकही के.टी. नको.' हजार पोरांतून शंभर निवडायचे तर काहीतरी चाळणी लागतेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. 58 टक्केवाला स्वतःला 'केविलवाणी' समजतो आणि 75 वाली (म्हणजे मी!) स्वतःला 'चिरडून टाकणारी' समजते. आपला आकडासुद्धा झालेल्या पेपरांचाच हिशोब आहे. चाळीस नाईट घेऊन निघण्याआधी तेवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

ती ज्युनिअर अजूनही स्कोअरमध्ये शेवटीच असते. फक्त तिच्यावर चाल करायची आता कुणाची हिंमत होत नाही.

(टी.ई., इन्स्ट्रुमेंटेशन)