न सांगण्याची गोष्ट

बँकेत रुजू झालो त्या दिवशी, १९८२ च्या पावसाळ्यात, शाखाधिकाऱ्यांनी एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला आणि 'इथे सही करा' म्हणाले. ते निष्ठा आणि गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र होते. राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करणाऱ्याला ते द्यावे लागते. ज्याला कळण्याचा कायदेशीर हक्क नाही अशा कुणालाही ग्राहकाच्या व्यवहाराची माहिती देणार नाही, असा त्याचा मथितार्थ. सगळी नोकरी मी ती शपथ पाळली. सासऱ्याला जावयाच्या खात्यातली शिल्लक सांगितली नाही, थोरल्या भावाला धाकट्याच्या मुदत ठेवीचा सुगावा लागू दिला नाही. एकदा तर एका मुलीचे वडील पेढे घेऊन केबिनमध्ये आले. होणाऱ्या जावयाच्या डोक्यावर कर्ज किती, एवढेच त्यांना हवे होते. पेढा खाल्ला, आकडा सांगितला नाही.

आणि नोकरीची अखेरची दोन वर्षे उरली असताना, २०१८ साली, माझ्या भाचराने रात्री अकरा वाजता विश्वासाने सांगितलेली एक गोष्ट मी आठ दिवसांच्या आत त्याच्या आईला सांगून मोकळा झालो.

'भाचरू' हा शब्द मुद्दाम वापरला. बहिणीचा मुलगा असो की मुलगी, दोघांनाही तो चालतो. व्याकरणात त्याचे लिंग नपुंसक. नाव कडू आहे, पण शब्द मायेचा आहे. आमचे हे भाचरू जन्मल्यापासून आम्ही त्याला मुलगा समजत आलो. ते मात्र कळायला लागल्यापासून स्वतःला मुलगी समजत होते. यापुढे तिच्या इच्छेप्रमाणे मी 'ती' असेच लिहिणार आहे. गाव, शिक्षण, नाती, बरेच काही बदलले आहे. मी तिचा मामाच आहे का, हेही कुणी विचारू नये. मजकूर छपाईला देण्याआधी तिने वाचला आणि त्यातली दोन वाक्ये खोडली.

ती तेव्हा वीस वर्षांची होती. कसल्याशा परीक्षेसाठी पुण्याला आमच्याकडे आली होती. गॅलरीत दिवा न लावता बसलो होतो. "मामा, मला एक सांगायचंय, पण लगेच काही बोलू नका," एवढे म्हणून ती पाऊण तास बोलली. माझ्या चार कादंबऱ्या तोवर प्रसिद्ध झाल्या होत्या, आणि माणसाच्या अंतरंगाचा वेध वगैरे मी घेतो असे परीक्षणांतून छापूनही आले होते. त्या रात्री हात कुठे ठेवावेत हे मला समजत नव्हते. शेवटी ती म्हणाली, "हे आईला माहीत नाही. बाबांना तर नाहीच." मी 'बरं' म्हणालो. तिच्या दृष्टीने ती अट होती, आणि माझा 'बरं' म्हणजे मान्य.

मलाच का सांगितले, ते पुढे कळले. माझ्या कपाटात लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे २०१२ साली आलेले आत्मकथन होते. पहिल्याच दिवशी तिने ते हातात घेऊन 'कसं आहे हो?' असे सहज विचारले होते. मी भरभरून बोललो. ठाण्यातल्या त्या घराने आपल्या लेकराला दाराबाहेर काढले नाही, याचे कौतुक केले. ती माझी परीक्षा घेत होती, आणि मी पास झालो होतो. पुस्तकातल्या आईबापांचे कौतुक करायला काही पडत नाही.

मग मी का सांगितले? दुष्टाव्याने नाही. आई आहे, तिला कळायलाच हवे, असे स्वतःला बजावले. पण खरे कारण त्याखाली होते. उद्या पोरीने जिवाचे काही करून घेतले, तर 'तुला माहीत होतं आणि तू बोलला नाहीस' असे बहीण म्हणेल, याची मला भीती वाटली. म्हणजे मी तिला वाचवत नव्हतो, स्वतःला वाचवत होतो. जिवाची काळजी होती, तर आधी तिलाच विचारायला हवे होते: तुझ्या मनात तसले काही येते का, आणि येत असेल तर तुझ्या संमतीने कुणाशी बोलू?

बहिणीने त्याच रात्री मेव्हण्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी मोबाइल काढून घेतला गेला. न्हाव्याला घरी बोलावून केस कापवले. शेवटच्या वर्षाची फी भरलीच नाही. जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरांनी झोप आणणाऱ्या गोळ्या दिल्या आणि 'लवकर दोनाचे चार करा' असा सल्लाही दिला. मग अमावास्येच्या वाऱ्या. तिसऱ्या महिन्यात तिने सगळ्यांना हवे होते ते बोलून दाखवले: "ते खूळ होतं, गेलं आता." मोबाइल परत मिळाला. बहिणीने मला कळवले, 'दादा, सगळं ठीक झालं.' मलाही हायसे वाटले. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या हायसे वाटण्याची.

बँकेच्या परीक्षांना आम्हाला १९२४ चा टूर्निए खटला असे. लंडनमधल्या एका खातेदाराकडे बँकेचे थोडे पैसे थकले होते. त्याचा घरचा पत्ता हवा म्हणून शाखाधिकाऱ्याने त्याच्या मालकाकडे फोन केला, आणि बोलता बोलता थकबाकीचे व वर जुगाराच्या संशयाचेही सांगून बसला. मालकाने त्या माणसाची नोकरी पुढे चालू ठेवली नाही. बँकेने ग्राहकाचे गुपित राखले पाहिजे, हे तत्त्व अपील न्यायालयाच्या त्या निकालाने रुजले. त्यावर मी टिपा लिहिल्या होत्या, मार्कही मिळवले होते. बोलता बोलता सांगून बसणारा तो मॅनेजर मात्र मला तोवर कधी दिसला नव्हता.

त्यानंतर ती तीन वर्षे त्याच घरात, तेच गुपित पुन्हा पोटात घेऊन राहिली. या तीन वर्षांत ती तगली कशी, हे मला लिहायचे आहे.

आधी भाषेचे सांगतो. आपली मराठी फार चोखंदळ. इंग्रजीत 'मी'ला लिंग नाही, मराठीत 'मी आलो' की 'मी आले' हे तोंड उघडताच ठरवावे लागते. ती 'आलो' म्हणू शकत नव्हती आणि 'आले' म्हणण्याची सोय नव्हती. मग ती वाटा काढी. 'उशीर झाला', 'जेवण झालं', 'मला बाहेर जायचंय'. भविष्यकाळ तिला सोयीचा, कारण 'मी येईन' हे मुलगा आणि मुलगी सारखेच म्हणतात. घरच्यांना वाटे, पोरगं घुमं झालंय. वीस-एकवीस वर्षांच्या माणसाने दिवसभर, आईशीसुद्धा, प्रत्येक क्रियापद तपासून बोलायचे, याचा शीण केवढा असेल ते आपण एक दिवस करून पाहावे. मी करून पाहिले. दुपारपर्यंत थकलो.

तिला तारले ते तिच्या चुलतभावाच्या बायकोने. ही वहिनी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका. तापाचे औषध घ्यायला गेली असता वहिनीला तिच्या बोटांवर बारीक काप दिसले आणि नखांच्या कडेला लाल रंग. नेलपॉलिश पातीने खरवडले होते. वहिनीने काही विचारले नाही. जखमांना औषध लावले, आणि निघताना रंग काढायच्या द्रावणाची बाटली हातात ठेवली, म्हणाली, "पाती नको वापरत जाऊस."

पुढे दर रविवारी दुपारी दोन ते चार ती वहिनीच्या क्वार्टरवर जाऊ लागली. गाव लहान. तरणा दीर वहिनीकडे एकटा जातो म्हटल्यावर चार तोंडे बोलणारच. त्यावर वहिनीने आपल्या मुलीला पाचवीच्या स्कॉलरशिपचे गणित शिकवायला येतो, असे सांगून ठेवले. गणित खरेच शिकवले जाई. उरलेला वेळ ती आपल्या निवडलेल्या नावाने तिथे बसे. चहा पिई, 'मी दमले' म्हणे. बस्स, एवढेच. आठवड्यातले दोन तास. वहिनीने ना पुस्तके वाचली होती ना चळवळ पाहिली होती. तिला दवाखान्यातला एक नियम ठाऊक होता: पेशंटचे पेशंटलाच सांगायचे.

तिथूनच ती मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'आयकॉल' या हेल्पलाइनवर बोलू लागली. समुपदेशक कसे विचारतात, ते तिने मला सांगितले. आता बोलता येईल का, कुणी आले तर काय करायचे, आपण फोन करावा की नको, हे आधी. 'घरच्यांना सांगून टाक' असे तिला कुणीच म्हटले नाही. घरी सांगणे हा तिच्यासाठी धैर्याचा प्रश्न नव्हता. ज्यांच्या हातात तिची फी, मोबाइल आणि छप्पर होते, त्यांना सांगायचे तर आधी पायाखाली थोडी जमीन हवी होती.

मामाला चौदा महिन्यांनी फोन आला. माफीचा विषय तिने काढलाच नाही. म्हणाली, "मामा, माझ्या खात्याला बाबांचा नंबर जोडलेला आहे. काय करता येईल?" मी कशासाठी ते विचारले नाही. खाते तिच्या लहानपणी वडिलांनी पालक म्हणून उघडले होते. अठरा पूर्ण झाल्यावर नवी सही, नवा फोटो, कागदपत्रे देऊन ते तिच्या एकटीच्या हुकमतीत आले होते. पण मोबाइल क्रमांक जुनाच राहिला. दोनशे रुपये काढले तरी वडिलांच्या खिशात घंटी वाजे. क्रमांक अर्ज देऊन बदलता येतो, पण शाखेतली मंडळी वडिलांच्या रोजच्या ओळखीची. तेव्हा तालुक्याला, दुसऱ्या बँकेत नवे खाते उघड म्हटले. आणखी एक मेख होती. कार्ड आणि चेकबुक टपालाने आधारवरच्या पत्त्यावर, म्हणजे घरीच येते. नाव न छापलेले कार्ड शाखेतच हातोहात मिळते, ते माग, चेकबुक नको म्हण. पासबुक वहिनीच्या कपाटात राहिले. शिकवण्यांचे पैसे त्यात पडू लागले. गुणपत्रिका, जन्माचा दाखला, आधार यांच्या प्रतीही तिथेच ठेवल्या. मी केले ते एवढेच, आणि सारी नोकरी मी हेच करत आलो होतो.

कायद्याचे थोडे लिहितो, कारण आपल्याकडे 'हे सगळं बेकायदेशीरच ना?' असे विचारणारे सुशिक्षित मी पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात तृतीयपंथी नागरिकांचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने बँकांच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना ठेवायला सांगितले. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्याच्या बाराव्या कलमात अशा व्यक्तीला आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क दिला. घराबाहेर काढणे आणि छळ करणे त्यात शिक्षेला पात्र ठरवले गेले. चांगले झाले. पण घरात राहण्याचा हक्क मिळाला म्हणून जेवताना 'मी आले' म्हणण्याची मुभा मिळते असे नाही, आणि सख्ख्या बापाविरुद्ध पोलीस ठाण्यात जाणारे लेकरू मला तरी माहीत नाही.

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांविषयी मात्र कायदा कामाला येतो. ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी असे 'बरे करण्याचे' उपचार करण्यास मनाई केली. निकाल देण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञांपुढे बसले, कारण या विषयात आपली समज अपुरी आहे असे त्यांना वाटले. निकालपत्रात त्यांनी तसे मोकळेपणाने नमूद केले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत ही गोष्ट मनोविकारांत धरलेली नाही. तेव्हा कुणी डॉक्टर लग्नाचा उतारा सांगू लागला, तर उठून यावे.

रविवारची पुरवणी घरभर फिरते. कुणी ती दार लोटून वाचत असेल, तर त्याच्यासाठी दोन शब्द. सांगायची घाई करू नये. ज्याला सांगायचे त्याला आधी पुस्तकावरून, बातमीवरून जोखावे, पण माझ्यासारखे पास होणारेही दगा देतात, म्हणून 'हे पुढे कुणाला सांगणार नाही ना?' असे स्वच्छ शब्दांत विचारून घ्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही मोफत सेवाही आहे, क्रमांक १४४१६, मराठीतूनही बोलता येते. फोन झाल्यावर नोंद पुसून टाकावी.

ती २०२१ च्या अखेरीस नोकरी घेऊन दुसऱ्या शहरात गेली. गाडीतून उतरल्यावर फोन आला, "मामा, मी पोचले." आईला तिने स्वतः, पत्र लिहून, २०२३ साली सांगितले. मेव्हणे या विषयावर बोलत नाहीत. हंगामात भुईमुगाच्या शेंगांचे पोते मात्र पाठवतात. पोत्यावर जुने नाव असते. मुंबईत अशा मुलांच्या पालकांचा 'स्वीकार' नावाचा गट २०१७ पासून आहे. बहीण एकदा तिथे जाऊन आली. दोन तास मागच्या खुर्चीत गप्प बसली, निघताना एका बाईंचा फोन नंबर घेतला. तो अजून लावलेला नाही.

गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. "दादा, तिचं ते ऑपरेशनचं काही चाललंय का? तुला सगळं सांगते ती." मला काय माहीत आहे आणि काय नाही, ते इथेही लिहीत नाही.

"तिलाच विचार," मी म्हणालो.

"मी आई आहे तिची!"

"म्हणूनच विचार."

तिने फोन आदळला. आज आठ दिवस झाले, परत फोन नाही.