चैत्रातली कोरडी जमीन

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर लाखो भाविक येतात. सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि जोतिबाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटांच्या कडेने दुकाने लागतात. त्यातल्या एखाद्या रसवंतीकडे जरा निरखून पाहावे. लोखंडी चरक, त्याला विजेची मोटर, ऊस सारणाऱ्याचे हात रसाने ओले, पायाखाली सांडलेले पाणी. मोटरच्या वायरचे आवरण आत कुठे घासले गेले, तर अख्ख्या चरकात करंट उतरतो. अशा दुकानाला तात्पुरती जोडणी देताना आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, सक्तीचा हवा आणि अर्थिंग यात्रेच्याच आठवड्यात, त्याच जागी मोजले गेले पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

याचे कारण मिठात आणि ओलाव्यात आहे. तांब्याच्या तारेतून वीज नेतात ते इलेक्ट्रॉन. पाण्यातून नेतात ते आयन. मीठ पाण्यात पडले की धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड सुटे होतात. विजेचा दाब मिळताच ते विरुद्ध दिशांना सरकू लागतात, घरगुती विजेत मागेपुढे हलतात, आणि हे हलणे म्हणजेच प्रवाह. 'आयन' हे नाव मायकेल फॅराडेने 1834 मध्ये रूढ केले. मीठ विरघळतानाच आयन सुटे होतात, विजेची वाट पाहत नाहीत, या सिद्धान्तासाठी स्वांटे अऱ्हेनिअसला 1903 चे नोबेल मिळाले. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. समुद्राचे पाणी तिला सुमारे नऊ लाख पट सहज नेते. साखर विरघळते, पण आयन देत नाही. उसाच्या रसातून वीज जाते ती पोटॅशियमसारख्या क्षारांमुळे. घाम हेही खारे पाणीच. कोरड्या कातडीचा रोध लाखभर ओहम असू शकतो, घामेजलेल्या कातडीचा हजाराच्या घरात उतरतो. 230 व्होल्टला कोरड्या हातातून दोन-तीन मिलिअँपिअर जातील, घामेजलेल्या हातातून दोनशेच्या वर. तेवढ्याने हृदय बंद पडू शकते.

आता जमिनीकडे पाहा. अर्थिंगचा प्रवाह जमिनीत पसरतो तोही मातीच्या ओलाव्यातल्या आयनांच्याच आधाराने. म्हणून तर अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वरून पाणी घालतात. जोतिबाचा डोंगर काळ्या बेसाल्टचा, आणि चैत्रात त्यावरची माती पार वाळलेली. आयन जिथे हवेत त्या जमिनीत मीठ विरघळायला पाणी नाही. जिथे नकोत त्या माणसाच्या कातडीवर मात्र ते मुबलक. मुरमात फूटभर ठोकलेल्या सळईचा रोध 200 ओहम धरला, तर बिघाड होऊनही जेमतेम एक अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. 16 अँपिअरचा फ्यूज त्याने उडणार नाही आणि चरकात करंट तसाच राहील. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र कोणाचा हात लागण्याआधीच वीज तोडेल.

मग अर्थिंगची खटपट कशाला, असे कोणी विचारेल. अर्थिंगच नसेल, तर आरसीसीबी पडण्यासाठी प्रवाहाला दुसरी वाट लागते, आणि ती वाट म्हणजे माणूस. खड्ड्यात मीठ घातलेले आहे, हे उत्तरही पुरत नाही. ते मीठ पावसाळ्यात झिरपून जाते, उरलेले लोखंडी पट्टी गंजवते. जुलैतले माप चैत्रात कामाचे नाही. उन्हाळ्यात डोंगरावर पाणी मोलाचे, हे खरे, पण खड्ड्याला दोन-चार बादल्या पुरतात. खर्चाचा आक्षेप मला रास्त वाटतो. चार दिवसांच्या धंद्यासाठी गरीब दुकानदार हे उपकरण विकत घेणार नाही. ते जोडणीच्या पेटीतच बसवून द्यावे आणि यात्रेनंतर परत घ्यावे. सासनकाठीची, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच बांबूची, गोष्ट वेगळी; तिला धोका डोक्यावरच्या तारेचा. बांबूतून करंट येत नाही, हा समज फार तर कोरड्या बांबूला आणि घरच्या विजेला लागू. घामाने आणि गुलालाने ओलावलेल्या उंच काठीला तो लावू नये. 11 हजार व्होल्टच्या तारेपुढे तर रसवंतीतला आरसीसीबीही कामाचा नाही. काठ्यांच्या वाटेवरची तार जमिनीखालून न्यावी, नाहीतर शेवटची काठी पुढे जाईपर्यंत बंद ठेवावी.