मतदार यादी कुणाच्या भरवशावर सोडणार?



मागच्या निवडणुकीआधी आमच्या तालुक्यात एका संस्थेने मतदार जागृतीची कार्यशाळा घेतली. वक्ते शहरातून आले होते. पाऊण तास एकच सांगत होते, वस्तीतले लोक पाचशे रुपयांत मत विकतात, म्हणून लोकशाही बिघडली. शेवटी एका ताईने उठून विचारले, "साहेब, माझं नावच यादीत नाही, तर मी विकू काय?" साहेबांकडे उत्तर नव्हते.

बाहेर पडल्यावर आपले कार्यकर्ते म्हणाले, "हे एनजीओवाले असेच. फंड घ्यायचा, आपल्याला शहाणपण शिकवायचे. आपला यांच्याशी काय संबंध?" राग मला समजतो. पण हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो आपल्यालाच महागात पडेल.

आज उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे आपण मोबाईलवर बघतो. हे कोणत्या पक्षाने दिलेले नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ साली असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) ही संस्था काढली आणि कोर्टात गेले. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष हा निकाल हाणून पाडायला एकत्र आले, कायदा बदलला. १३ मार्च २००३ ला न्यायालयाने तो बदलही रद्द केला. निवडणूक रोख्यांचेही तेच. एडीआर, कॉमन कॉज आणि इतर याचिकाकर्ते वर्षानुवर्षे लढले, तेव्हा १५ फेब्रुवारी २०२४ ला रोखे घटनाबाह्य ठरले आणि कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती पैसा दिला ते उघड झाले. २०२५ मध्ये बिहारच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे आली नाहीत. ती नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश १४ ऑगस्टला आला, त्या याचिकाकर्त्यांतही एडीआर होती. वगळलेल्यांत सगळ्यात आधी कोण असते, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे हे हत्यार आपल्या कामाचे आहे. पण त्याची मर्यादाही स्पष्ट बोलली पाहिजे.

पहिली गोष्ट. या संस्था पैसा मोजतात, गुन्हे मोजतात, जात मोजत नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर बंद झाला. त्यात आपल्या अनेक पोरांवर गुन्हे दाखल झाले. उद्या त्यातला एखादा उभा राहिला, तर "गुन्हे दाखल असलेले उमेदवार" या आकड्यात तो आणि वाळूमाफिया शेजारी शेजारी बसतात. गंभीर गुन्ह्यांची वेगळी वर्गवारी असते, पण आंदोलन कशासाठी होते, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

दुसरी गोष्ट. मत विकणारा दिसतो, विकत घेणारा दिसत नाही. गावात बहिष्काराची धमकी देऊन, मजुरी बंद करून जे मत घेतले जाते, त्याला जागृतीचे कोणते पोस्टर उत्तर देणार?

तिसरी गोष्ट. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या बदलानंतर मोठ्या संस्थेला असा निधी छोट्या संस्थेकडे वळवता येत नाही. वस्तीपर्यंत काही पोहोचेल, ही आशा सोडा.

बाबासाहेबांनी हा प्रश्न चळवळीचा मानला होता. १९१९ ला साउथबरो समितीपुढे आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे ते मताधिकारासाठीच भांडले. जून १९४९ मध्ये संविधान सभेत त्यांनी निवडणूक आयोग केंद्रीय का हवा, ते सांगितले. काही प्रांतांत वंशाने, भाषेने, संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदार यादीतून वगळले जात आहे, अशा तक्रारी आल्या होत्या. आज ३२४ वे कलम आपण वाचतो, त्यामागे यादीतून वगळलेला माणूस उभा आहे. १९५२ ला मुंबईत पराभव झाल्यावर बाद मतांच्या प्रश्नावर ते गप्प बसले नाहीत, निवडणूक याचिका घेऊन गेले.

आणि आपण? १४ एप्रिलच्या डीजेची वर्गणी महिनाभर आधी जमते. प्रारूप यादी लागते, तेव्हा हरकतीच्या मुदतीत आपल्यातले किती जण बीएलओला भेटतात? ऊसतोडीला गेलेल्या घराचे दार बंद दिसले की "स्थलांतरित" शेरा मारायला एक मिनिट लागते. तो खोडायला वस्तीतला माणूस लागतो, दिल्लीचा वकील नाही.

म्हणून प्रत्येक विहारात यादीवाचन घ्या. नाव नसेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. कुणी फॉर्म ७ भरून नाव कापायला निघाला असेल तर सुनावणीला दहा जण जा. मतदानाच्या दिवशी आपला पोलिंग एजंट शेवटपर्यंत बसला पाहिजे आणि फॉर्म १७ सीची प्रत घेऊनच उठला पाहिजे. हे कागद हातात असतील, तर कोर्टात लढणाऱ्या संस्थांशी आपण बरोबरीने बोलू. नसतील, तर त्यांच्या अहवालातला एक आकडा होऊन राहू.

त्या ताईचे नाव आम्ही नंतर फॉर्म ६ भरून घातले. दोन चकरा झाल्या. तिच्या गल्लीत अजून अकरा नावे निघाली. तुमच्या गल्लीत किती आहेत, ते या रविवारी मोजा.

जय भीम! जय संविधान!